विश्लेषण : गल्लीतल्या मेक्सिकन हॉटेलची चव भिवंडीजवळच्या गोदामात कशी ठरते?

ठाणे, डोंबिवली, कल्याण, मुलुंड यापैकी कुठल्याही मेक्सिकन म्हणवणाऱ्या हॉटेलात शनिवारी संध्याकाळी गेलात, तर काही गोष्टी ठरलेल्या असतात. आधी नाचोज येतात, वर पातळ पिवळं चीज आणि हिरव्या मिरचीच्या गोल चकत्या. मग राजम्याचं सारण भरलेला बुरितो किंवा पनीरचे टाको. मुलांना केसाडिया आवडतो, कारण तो चीज पराठ्यासारखा लागतो. आजोबांना लसूण चालत नसेल तर ‘जैन मेक्सिकन’ही मिळतं. हॉटेल बदललं, मालक बदलला, तरी चव मात्र फारशी बदलत नाही.

असं का होतं, याचं उत्तर स्वयंपाकघरात अर्धवटच सापडतं. उरलेलं उत्तर शोधायचं तर ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीच्या बाजूला जावं लागतं. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे आणि वळ या गावांमध्ये गोदामांच्या रांगा आहेत. मुंबई महानगरातल्या हॉटेलांना लागणाऱ्या मालाचा मोठा हिस्सा याच पट्ट्यातून हलतो. वळ हे नाव बहुतेकांनी पार्सलच्या पत्त्यावर किंवा ऑनलाइन मागवलेल्या वस्तूच्या ट्रॅकिंगमध्ये वाचलेलं असतं. एप्रिल २०२३ मध्ये ते नाव वेगळ्या कारणाने बातम्यांत आलं. त्याबद्दल पुढे येईलच.

ताटात जे येतं ते मेक्सिकन असतं का?

थोडं असतं, बरंचसं नसतं. आपल्याकडे ‘मेक्सिकन’ म्हणून जे पोहोचलं ते मेक्सिकोतून थेट आलेलं नाही, अमेरिकेतून आलं आहे. नाचोज हा पदार्थ १९४० च्या दशकात मेक्सिकोच्या सीमेवरच्या पिएद्रास नेग्रास या गावात जन्मला. सीमेपलीकडून आलेल्या अमेरिकी पाहुण्यांसाठी तो घाईत तयार केला गेला. इग्नासिओ अनाया हे तो करणाऱ्याचं नाव. इग्नासिओचं लाडाचं रूप ‘नाचो’, त्यावरून पदार्थाचं नाव पडलं. पुढे तो टेक्सासमध्ये पसरला आणि स्टेडियमवर वितळलेल्या चीज सॉसबरोबर विकला जाऊ लागला. आपल्या मल्टिप्लेक्समध्ये मिळतो तो हाच अवतार.

टाकोचंही तसंच आहे. कडक, कुरकुरीत, दुमडलेलं कवच म्हणजे टाको असं आपल्याला वाटतं. मेक्सिकोच्या रस्त्यावर मिळणारा टाको मऊ असतो, तळहाताएवढ्या मक्याच्या पोळीवर मांस, कांदा, कोथिंबीर आणि लिंबू. कडक कवचाचा टाको जगभर नेला तो अमेरिकी साखळ्यांनी. त्यातली सर्वांत मोठी, टाको बेल, १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली आणि २०१० मध्ये बेंगळुरूमार्गे भारतात आली. २०१९ मध्ये बर्मन हॉस्पिटॅलिटी या कंपनीने तिच्या भारतातल्या विस्ताराचे हक्क घेतले, तेव्हा दहा वर्षांत ६०० दुकानांचं उद्दिष्ट जाहीर झालं होतं. याच टाको बेलने खुद्द मेक्सिकोत दोनदा, १९९२ आणि २००७ मध्ये, दुकान थाटून पाहिलं. दोन्ही वेळा गाशा गुंडाळावा लागला. दुसऱ्या वेळी तर आपण अस्सल असल्याचा दावाच सोडून दिला होता आणि टाकोबरोबर बटाट्याचे फ्राइज विकले होते.

तेव्हा गल्लीतल्या हॉटेलवाल्याने पनीर टाको केला म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. त्याने ज्याची नक्कल केली तीच मुळात नक्कल होती. शिवाय मुंबई-ठाण्यातल्या गिऱ्हाइकाचा विचार करता पनीर अपरिहार्यच होतं. एका टेबलावर शाकाहारी आजी, चिकन खाणारा नातू आणि कांदा-लसूण न खाणारे शेजारी बसतात. मेनू या तिघांना सांभाळून लिहिला जातो. बीफ आणि पोर्क, म्हणजे मेक्सिकन स्वयंपाकातली दोन मुख्य मांसं, इथे आधीच गळतात. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे.

मग उरतं ते राजमा, मका, सिमला मिरची, चीज आणि टोमॅटोची साल्सा. डोसावाल्याच्या गाडीवर ‘मेक्सिकन डोसा’ आणि कॉलेजबाहेर ‘मेक्सिकन सँडविच’ मिळतं, त्यातही हेच असतं. ‘शेझवान’ हा शब्द जसा चीनच्या प्रांताचं नाव न राहता लाल तिखट चटणीचं नाव झाला, तसा ‘मेक्सिकन’ हा शब्द आपल्याकडे मका, राजमा आणि चीज यांच्या मिश्रणाचं नाव होत चालला आहे.

भाकरी थापणाऱ्यांना टॉर्टिया परका का नसावा?

इथे एक मजेशीर गोष्ट आहे. वळ आणि आसपासची गावं मुळात आगरी वस्तीची, भातशेतीची आणि खाडीच्या मासळीची. तिथल्या घरात तांदळाची भाकरी होते. तांदळात गव्हासारखं ग्लुटेन नसतं, म्हणून पीठ नुसत्या पाण्यात भिजवलं तर भाकरी तुटते. त्यावर उपाय म्हणजे उकड. उकळत्या पाण्यात पीठ घातलं की त्यातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि भाकरी थापता येते.

मेक्सिकोतल्या बायकांपुढे हाच प्रश्न मक्याबाबत होता. मक्यातही ग्लुटेन नसतं. त्यांनी हजारो वर्षांपूर्वी शोधलेला उपाय म्हणजे चुना. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवायचे, रात्रभर ठेवायचे, साल चोळून काढायची आणि ओलेच दाणे वाटायचे. या वाटणाला ‘मासा’ म्हणतात. त्याची पोळी लवचिक होते, दुमडली तरी तुटत नाही आणि तिला एक खास वास येतो. शिवाय या प्रक्रियेमुळे मक्यातलं नायासिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळण्याजोगं होतं. युरोपने अमेरिकेतून मका आणला पण चुन्याची कृती आणली नाही. परिणामी मक्यावरच जगणाऱ्या इटलीतल्या आणि स्पेनमधल्या गरिबांना पेलाग्रा हा त्वचेचा आणि मेंदूचा आजार जडला. २०१० मध्ये युनेस्कोने पारंपरिक मेक्सिकन स्वयंपाकाला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्यातही या कृतीचा उल्लेख आहे.

आपल्या वाण्याकडचं मक्याचं पीठ चुन्यातून काढलेलं नसतं. त्याचा टॉर्टिया करायला गेलं तर तो तव्यावर फुटतो. म्हणून बहुतेक छोटी हॉटेलं मक्याच्या वाटेला जात नाहीत. ती मैद्याचा तयार टॉर्टिया वापरतात, जो थेट पिशवीतून निघतो आणि तव्यावर अर्धा मिनिट गरम होतो. उत्तर मेक्सिकोत गव्हाच्या पिठाचे टॉर्टिया खाल्ले जातात, त्यामुळे त्याला खोटं म्हणता येणार नाही. पण घरच्या चपातीपेक्षा तो फार वेगळा का लागत नाही, याचं कारण इतकंच की तो जवळजवळ चपातीच असतो, फक्त जास्त तेलाची आणि जास्त दिवस टिकणारी.

बाकीचं मेक्सिको आपल्या घरात केव्हाच आलेलं आहे. मिरची, मका, टोमॅटो, पपई, पेरू, सीताफळ, लाल भोपळा, घेवडा ही सगळी अमेरिका खंडातली पिकं. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर त्यातली बरीचशी पोर्तुगीजांच्या काळात उतरली. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती आणि वळपासून जवळून वाहणारी उल्हास नदी पुढे त्याच वसईच्या खाडीला जाते. डहाणू-घोलवडच्या ज्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे, तो चिकूही मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. त्याचं नावसुद्धा तिथल्या नाहुआत्ल भाषेतल्या शब्दावरून स्पॅनिशमार्गे आलेलं आहे. साताऱ्याच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा तर मेक्सिकन हॉटेलात शोभेल असा दाणा. राजम्याचाच भाऊबंद, अंगावर लालसर पट्टे, दिसायला तिकडच्या ठिपकेदार पिंटो दाण्यांच्या जवळचा. तो कुठल्या बुरितोत मात्र सहसा दिसत नाही. मेनूवर राजमाच असतो, कारण राजमा पुरवठादाराच्या यादीत असतो.

ही यादी कोण ठरवतं?

चाळीस खुर्च्यांचं हॉटेल चालवणारा मालक बाजारात जाऊन जालापेन्यो मिरची निवडत नाही. जालापेन्यो हे नाव मेक्सिकोतल्या शालापा शहरावरून पडलेलं, पण आपल्याकडे ती मिरची व्हिनेगरच्या बरणीत चकत्या होऊन येते. टॉर्टिया गोठवून येतो. चीज एक-एक किलोच्या ठोकळ्यांत किंवा किसून येतं. साल्सा, चिपोटले सॉस आणि तयार नाचोज खोक्यात येतात. अवोकाडो एका दिवसात कच्चा असतो आणि दुसऱ्या दिवशी काळा पडतो, म्हणून तो गर करून गोठवलेला घेतला जातो. हे सगळं एकाच पुरवठादाराकडून, मोबाइलवरून ऑर्डर देऊन, एका टेम्पोत येतं. हॉटेल व्यवसायात या पुरवठादारांना ‘होरेका’ वितरक म्हणतात. हॉटेल, रेस्टॉरंट आणि केटरिंग या तीन शब्दांवरून ते नाव पडलं.

इटालियन, मेक्सिकन आणि चायनीज अशी तीन हॉटेलं एकाच वितरकाकडून माल घेत असतील, तर त्यांच्या पदार्थांत पन्नास टक्के सामान तेच असणार. मालकाच्या दृष्टीने ही सोय आहे. खास आचारी लागत नाही, माल वाया जात नाही, आणि एक कामगार सोडून गेला तरी दुसरा आठवड्यात तयार होतो. गिऱ्हाइकाला मात्र शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीच साल्सा मिळते.

या वितरकांना जागा लागते ती शहराच्या कडेला, पण शहरापासून तासाभराच्या अंतरावर. भिवंडीचा पट्टा त्यात चपखल बसतो. मुंबई-नाशिक महामार्ग इथून जातो, ठाणे खाडीपलीकडे आहे आणि जेएनपीटी बंदराकडे जाणारा रस्ता जोडलेला आहे. याला जुनं कारण जकातीचं आहे. मुंबई-ठाण्यात माल आणला की जकात लागायची. भिवंडीभोवतीच्या गावांत ग्रामपंचायती होत्या, तिथे जकात नव्हती. व्यापाऱ्यांनी माल तिथे उतरवून ठेवायचा आणि विक्री होईल तसा शहरात न्यायचा, असं गणित बसवलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईतली जकात संपली. गोदामं मात्र कमी झाली नाहीत. उलट राज्याराज्यात वेगवेगळी गोदामं ठेवण्याची गरज कमी झाल्यामुळे कंपन्यांनी मोठी, मध्यवर्ती गोदामं घ्यायला सुरुवात केली. त्यात ऑनलाइन खरेदीची भर पडली.

गोठवलेल्या मालासाठी आणखी एक अट असते, ती म्हणजे वीज. टॉर्टिया उणे १८ अंशांवर ठेवावा लागतो आणि चीज साधारण चार अंशांवर. भिवंडीचं भारनियमन एकेकाळी राज्यभर प्रसिद्ध होतं. यंत्रमाग बंद पडायचे आणि मोर्चे निघायचे. जानेवारी २००७ मध्ये वीज वितरणाचं काम टोरेंट पॉवर या खासगी कंपनीकडे फ्रँचायझी म्हणून गेलं. बिलांवरून तिथे आजही वाद होतात. पण वीज पूर्वीपेक्षा नियमित झाली नसती तर शीतगृहं इथे आली नसती.

भातशेती गेली आणि तिथे पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. ज्यांची जमीन होती त्यांतल्या काहींना भाड्याचं उत्पन्न मिळालं, काहींनी जमीन विकून टाकली. माल चढवण्या-उतरवण्याचं काम करायला उत्तर प्रदेश, बिहार, तसंच मराठवाडा आणि खान्देशातून माणसं आली. या माणसांची जेवणाची सोय मेक्सिकन हॉटेलात नाही, भिशीत होते. भिवंडीत भिशी म्हणजे महिन्याचे पैसे भरून दोन वेळ जेवण देणारी खानावळ. यंत्रमागांच्या काळापासून चालत आलेली ही व्यवस्था गोदामांच्या कामगारांनीही उचलली.

२९ एप्रिल २०२३ ला वळमध्ये काय झालं?

त्या शनिवारी दुपारी वळच्या वर्धमान कंपाउंडमधली तीन मजली इमारत कोसळली. खालच्या मजल्यांवर खाद्यपदार्थांच्या एका कंपनीचं गोदाम होतं आणि तिथे काम सुरू होतं. वरच्या मजल्यावर भाडेकरू कुटुंबं राहत होती. म्हणजे एकाच इमारतीत माल, कामगार आणि मुलाबाळांसह संसार. ढिगाऱ्याखाली हे तिन्ही सापडलं.

एनडीआरएफ आणि ठाण्याचं आपत्ती प्रतिसाद दल जवळपास दोन दिवस ढिगारा उपसत होतं. एका कामगाराला सुमारे वीस तासांनी जिवंत बाहेर काढण्यात आलं. आठ जणांचा मृत्यू झाला. इमारतीच्या मालकाला अटक झाली. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी घटनास्थळी भेट दिली आणि मृतांच्या वारसांना पाच लाख रुपयांची मदत जाहीर केली.

भिवंडीला इमारत कोसळणं नवं नाही. सप्टेंबर २०२० मध्ये पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत पहाटे कोसळून ३५ हून अधिक जणांचा जीव गेला होता. पण या दोन घटनांत एक फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. जिलानी इमारत महापालिका हद्दीत होती. पालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते, नोटिसा देते. त्या कितपत अमलात येतात हा भाग वेगळा, पण यादी तरी असते. वळसारखी गावं पालिकेच्या हद्दीबाहेर आहेत. तिथे रोजचा कारभार ग्रामपंचायतीकडे आणि भिवंडीभोवतीच्या अधिसूचित क्षेत्राचं नियोजन एमएमआरडीएकडे, असं दुहेरी चित्र आहे. बांधकामाची परवानगी एकाकडे, घरपट्टीची नोंद दुसऱ्याकडे आणि अग्निशमनासाठी तिसऱ्याकडे हात पसरायचे. ज्या जागेवर जकात नव्हती म्हणून गोदामं आली, तिथे तपासणीची यंत्रणाही तितकीच विरळ होती. हे दोन्ही एकाच कारणाचे परिणाम आहेत. शहराच्या नियमांबाहेर राहणं हाच त्या जागेचा फायदा होता.

गोदामात माल किती रचायचा याचा इमारतीवरच्या भाराशी थेट संबंध असतो. राहण्यासाठी बांधलेला मजला आणि पेट्यांच्या थप्प्या पेलायचा मजला यांचं गणित वेगळं असतं. पत्र्याच्या एकमजली शेडमध्ये भार जमिनीवर येतो, पण जागा महाग झाली की वरचे मजलेही गोदाम होतात. मोठ्या कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत इथे आधुनिक गोदाम संकुलं बांधली आहेत, तिथे अग्निशमन व्यवस्था, लोडिंगची उंची आणि जमिनीची क्षमता हे सगळं मोजून केलेलं असतं. त्यांचं भाडंही तसंच असतं. कमी नफ्यावर चालणारे मध्यम आणि छोटे वितरक जुन्या कंपाउंडमध्येच राहतात. छोट्या हॉटेलांचे पुरवठादार यात मोडतात.

बिलात यातलं काय दिसतं?

फारसं काहीच नाही. बिलात दिसतो तो पाच टक्के जीएसटी. नोव्हेंबर २०१७ पासून साध्या हॉटेलांना हा दर आहे, पण एका अटीवर, त्यांना इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. म्हणजे हॉटेलवाल्याने जागेच्या भाड्यावर १८ टक्के कर भरला, चीजवर आणि सॉसवर कर भरला, तर तो वळता करून घेता येत नाही. तो खर्चात धरायचा आणि पदार्थाच्या किमतीतच मिळवायचा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. चीज, लोणी, सॉस १२ टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आले. बंद पाकिटातलं पनीर, चपाती, पराठा यांवरचा कर शून्य झाला. शून्य कराच्या यादीत पिझ्झा ब्रेड, खाखरा, चपाती, रोटी, पराठा आणि ‘अन्य भारतीय पोळ्या’ आहेत. टॉर्टियाचं नाव त्यात नाही. पिझ्झाचा पाव यादीत बसतो आणि चपातीचा मेक्सिकन चुलतभाऊ बाहेर राहतो, हे करांच्या भाषेतलं तर्कशास्त्र.

हॉटेलांना क्रेडिट मिळत नसल्यामुळे कच्च्या मालावरचा कर कमी झाला की त्यांचा खर्च थेट कमी होतो. पण गिऱ्हाइकाच्या बिलावरचा दर पाच टक्केच राहिला, त्यामुळे ही बचत त्याला दिसण्याची सोय नाही. मेनूवरचा भाव उतरवायचा की नाही, हे मालकावर आहे. भाव उतरवण्यासाठी नवा मेनू छापणारे मालक विरळाच.

घरी मागवलं तर हिशेब आणखी गुंतागुंतीचा होतो. १ जानेवारी २०२२ पासून ॲपवरून मागवलेल्या जेवणाचा पाच टक्के कर हॉटेलऐवजी ॲप कंपनी भरते. डिलिव्हरीच्या शुल्कावर सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के कर लागतो. म्हणजे नाचोजवर पाच आणि ते आणून देण्यावर अठरा. याशिवाय ॲप हॉटेलकडून कमिशन घेतं. झोमॅटो आणि स्विगी यांच्या हॉटेलांशी असलेल्या व्यवहाराची चौकशी करण्याचा आदेश स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये दिला होता, तो हॉटेलांच्या राष्ट्रीय संघटनेच्या तक्रारीवरूनच. समजा, ५०० रुपयांच्या ऑर्डरवर १०० ते १२५ रुपये कमिशनमध्ये गेले, तर उरलेल्या पैशांत भाडं, पगार, गॅस आणि माल बसवायचा. अशा वेळी मालक कुठे कात्री लावतो? पगार आधीच कमी असतात आणि भाडं हलत नाही. मग चीजच्या जागी वनस्पती तेलापासून केलेला चीजसदृश पदार्थ येतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार त्याला पाकिटावर ‘चीज’ म्हणता येत नाही. मेनूवर मात्र ‘चीज’ लिहिलेलं असू शकतं. नाचोजवरचा पिवळा सॉस थंड झाल्यावर रबरासारखा न होता पातळच राहिला, तर त्यात चीज किती आणि बाकी काय, हे वेटरला विचारायला हरकत नाही.

मेक्सिकन पदार्थ डिलिव्हरीला तसेही कच्चे पडतात. नाचोज कुरकुरीत राहतात ते त्यांतलं पाणी तळताना उडून गेल्यामुळे. डब्यात वाफ कोंडली की ते ती शोषून घेतात आणि वीस मिनिटांत मऊ पडतात. बुरितो त्या मानाने टिकतो, कारण तो मुळातच गुंडाळून नेण्यासाठी केलेला पदार्थ आहे. म्हणून शहाणी हॉटेलं नाचोज आणि सॉस वेगवेगळ्या डब्यांत पाठवतात. बसून खायचं असेल तर हाच मुद्दा उलटा होतो. गल्लीतल्या हॉटेलात जाऊन खाण्याचं खरं कारण तिथलं सजवलेलं कॅक्टस किंवा भिंतीवरची मोठी टोपी हे नाही. ताटात दहा मिनिटांपूर्वी तळलेला पदार्थ येतो, हे आहे.

बिलात सेवा शुल्क लावलेलं असेल तर ते द्यायची सक्ती नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसं स्पष्ट केलं होतं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरलं. दहा किंवा त्याहून जास्त ठिकाणी दुकानं असलेल्या साखळ्यांना मेनूवर कॅलरी लिहाव्या लागतात. गल्लीतल्या एकुलत्या एका हॉटेलाला ते बंधन नाही.

मग काही वेगळं करता येईल का?

काही हॉटेलं करतात. मासा तयार करण्यासाठी लागणारा खाण्याचा चुना महागडी वस्तू नाही, पानाच्या टपरीवर लागतो तोच पदार्थ. पांढरा मका महाराष्ट्रातही पिकतो. मेहनत आहे ती रात्रभर दाणे भिजवण्याची, ओलं वाटण करण्याची आणि रोज ताजे टॉर्टिया थापण्याची. मुंबईतल्या काही महागड्या मेक्सिकन हॉटेलांनी ही वाट धरली आणि त्यासाठी दुप्पट-तिप्पट भाव लावला. गल्लीतल्या हॉटेलाला तो भाव झेपत नाही, असं मालक म्हणतात, आणि भाड्याचे आकडे पाहता ते खोटं नाही. पण साल्सा बाटलीतून न घेता रोज टोमॅटो भाजून करणं, ग्वाकामोलेऐवजी हंगामात चांगला अवोकाडो मिळेल तेव्हाच तो मेनूवर ठेवणं, राजम्याऐवजी घेवडा वापरून पाहणं, यासाठी भाव दुप्पट करावा लागत नाही. वितरकाच्या यादीवरचं अवलंबन थोडं कमी करावं लागतं. चव वेगळी झाली की गिऱ्हाईक त्या हॉटेलाचं नाव लक्षात ठेवतं, ‘तो मेक्सिकनवाला’ एवढंच म्हणत नाही.

गोदामांचा प्रश्न यातून सुटत नाही. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ चे काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा हे थांबे याच पट्ट्यात येतात. मेट्रो आली की जमिनीचे भाव आणखी वाढतील, आणि जुन्या कंपाउंडमधल्या गोदामांना एकतर वर मजले चढवावे लागतील किंवा आणखी आत, पडघ्याच्या दिशेने सरकावं लागेल. ते सरकणं काही प्रमाणात सुरूही झालं आहे.

१ जानेवारी २०२२ पासून हॉटेलच्या बिलावर अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक छापणं बंधनकारक आहे. तो क्रमांक अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर टाकला की हॉटेलचं नाव, पत्ता आणि परवान्याची मुदत दिसते. वितरकाच्या गोदामालाही असाच परवाना घ्यावा लागतो. तो देताना स्वच्छता, तापमान आणि कीटक नियंत्रण पाहिलं जातं. त्या गोदामाच्या मजल्यावर किती वजन ठेवता येईल आणि वर कोणी राहतं का, हे विचारण्याचं काम त्या परवान्याचं नाही. ते नियोजन प्राधिकरणाचं आहे, आणि त्याचा कुठलाही क्रमांक कुठल्याच बिलावर येत नाही.